अमेरिकेतल्या म्हशी

साउथ डाकोटा, अमेरिका
१४ सप्टेंबर १९८६

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

पोचल्याची तार मिळाली असेलच. हे पत्र आबांना आणि आईला वाचून दाखव, पण सावकाश. तू भराभर वाचतेस आणि मग आईला प्रत्येक ओळ पुन्हा विचारावी लागते.

मी सुखरूप आहे. हा मुलूख सपाट आहे. आपल्याकडं कुठंही उभं राहिलं तरी समोर डोंगर येतो आणि नजर तिथं टेकते. इथं ती टेकतच नाही, नुसती पुढं जात राहते, आणि थोड्या वेळानं डोळे दुखतात. एका वयस्क बाईंच्या घरात तळघरातली खोली मिळाली आहे. खिडकी जमिनीला लागून असल्यामुळं मला गवत दिसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. बुटांवरून माणसं ओळखायला लागले आहे.

माझे प्रोफेसर लिंडक्विस्ट मला घ्यायला स्वतः आले होते. उंच, हळू बोलणारे. मी अर्जात लिहिलं होतं ना, ‘आमच्या घरच्या चार पिढ्या म्हशींवर जगल्या, म्हैस नसती तर आमचं घर उभं राहिलं नसतं’, ते वाक्य त्यांना पाठ आहे. त्यांनी ते बायकोलाही म्हणून दाखवलं. त्याच वाक्यामुळं त्यांनी मला आपल्या हाताखाली घेतलं.

दुसऱ्याच दिवशी कळप पाहिला. विद्यापीठाचं कुरण एवढं मोठं आहे की आपली अख्खी कुरणेवाडी त्यात मावेल. जनावरं फार मोठी, पुढच्या अंगाला उंच, आणि दाट केस. आत कोणी जात नाही, कुंपणाबाहेरून पाहायची. ती काय खातात आणि त्यातलं काय अंगी लागतं हे शोधणं माझं काम. म्हणजे तूर्त शेणाचे नमुने गोळा करून वाळवते.

आबांना सांग, मी इथं एकटी शिकत नाही, आपल्या दूध संस्थेचा प्रत्येक गोठा माझ्याबरोबर शिकतो आहे असं मी धरून चालले आहे.

तुझी,
उत्तरा

*

कुरणेवाडी
८ ऑक्टोबर १९८६

चि. उत्तरा,
आत्याचा आशीर्वाद.

सावकाश वाचलं. तरी तुझ्या आईनं तीनदा विचारलंच, आणि तिन्ही वेळा एकच, की जेवते काय. तू ते लिहिलंच नाहीस.

आबांनी पत्र खिशात घालून संस्थेत नेलं. सकाळचं दूध घालायला सगळा गाव असतो, तिथं सेक्रेटरी विष्णूअण्णांनी मोठ्यानं वाचलं. शेणाचे नमुने आले तेव्हा माणसं हसली. शेण गोळा करायला एवढ्या लांब कशाला गेली, ते इथंही होतं म्हणे. आबांना राग आला नाही. ‘तिकडचं शेणसुद्धा तपासून बघतात, आपण बघतो का?’ असं त्यांनी उलटं विचारलं.

आता लोकांचे प्रश्न लिहिते. एका वेळेला दूध किती? फॅट किती लागते? केसाळ म्हशीला उवा होत नाहीत का? आणि आत कोणी जात नाही तर धार कोण काढतं? यावर आबांचं म्हणणं, यंत्रानं काढत असतील, यंत्रच आत जात असेल.

मला मात्र एक कळेना. चार पानांच्या पत्रात तू एकाही म्हशीचं नाव लिहिलं नाहीस. इथं असताना शेजाऱ्याच्या रेडकाचंसुद्धा तूच नाव ठेवायचीस.

सुमित्रा

*

साउथ डाकोटा
२ नोव्हेंबर १९८६

ती. आत्या,

आज तुमच्याकडं दिवाळी. इथं रविवार. घरमालकीण बाई धुराला घाबरतात, म्हणून पणती लावली नाही.

आईला सांग: भात, डाळ, बटाटा, अंडी. दूध पाहिजे तेवढं मिळतं, पण ते गायीचं आणि पातळ, त्याला साय धरत नाही.

लोकांच्या प्रश्नांचं उत्तर असं, की इथं या जनावरांचं दूध काढत नाहीत. ती संशोधनासाठी ठेवलेली आहेत. नावंही ठेवत नाहीत, कानात आकड्याचा बिल्ला असतो.

आत्या, हे फक्त तुला. आल्यापासून जनावराला माझा हात लागलेला नाही. विद्यापीठाचा दुसरा गोठा आहे, दुभत्या गायींचा. तो दुसऱ्या खात्याकडं आहे. परवा मी चालत तिकडं गेले आणि दारात उभी राहिले. आतून एका मुलीनं विचारलं, काही मदत हवी आहे का. ती चांगल्या मनानंच विचारत होती. मी नको म्हटलं आणि परत आले. इथं ‘मदत हवी आहे का’ म्हणजे ‘इथं का उभी आहेस’ असंही असतं, हे मला आता कळायला लागलं आहे.

परवा दुकानात हातातून बरणी निसटली आणि मी ‘अगं बाई’ म्हणाले. मग आजूबाजूला पाहिलं, कोणी वळून बघतंय का. कोणी वळलं नाही. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून मराठी मोठ्यानं निघालं होतं, आणि तेही बरणीशी.

विष्णूअण्णांच्या मेहुण्याची बहीण मालिनीकाकू इथं पूर्वेकडं पार्सिपनी गावात असतात, त्यांचा फोन आला होता. नाताळच्या सुट्टीत ये म्हणाल्या. बसनं दोन दिवस लागतात. जाईन म्हणते.

उत्तरा

*

कुरणेवाडी
३० नोव्हेंबर १९८६

चि. उत्तरा,
आशीर्वाद.

तुझं फक्त मला लिहिलेलं मी माझ्यापाशी ठेवलं. बाकीचं वाचून दाखवलं, आणि त्यावर इथं मोठंच काम उभं राहिलंय.

दूध काढत नाहीत हे पहिल्यांदा कुणालाच पटेना. मग विष्णूअण्णांनी उलगडा केला. एवढी जातिवंत जनावरं, त्यांचं दूध विकायला ती माणसं काय अडली आहेत? ती जात टिकवण्यासाठी ठेवली असणार. आकड्याचे बिल्ले म्हणजे वंशावळच. आणि संशोधन म्हणजे तरी काय, जात सुधारणं. हे सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं.

तर आता असं ठरतंय, की तुझ्यामार्फत अमेरिकन रेड्याच्या रेतनाच्या कांड्या मागवायच्या. संकरित गायींच्या कांड्या परदेशातून येतात, मग म्हशीच्या का नकोत? आपल्या म्हशी भरवायच्या, आणि तीन-चार वर्षांत गावात अमेरिकन वाणाची रेडकं हिंडायला लागतील. जानेवारीत संस्थेची खास सभा आहे. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर नाडगौडा यांना बोलावलंय. आणि ठराव कोण मांडणार, तर तुझे आबा. सभेत आजवर मागं भिंतीला टेकून बसणारा माणूस. रोज गोठ्यात म्हशींसमोर भाषण म्हणून बघतात. म्हशी ऐकतात बिचाऱ्या.

तुझ्या प्रोफेसरांचा पत्ता इंग्रजीत सुवाच्य लिहून पाठव. विष्णूअण्णा टाइप करून पत्र धाडणार आहेत.

सुमित्रा

*

साउथ डाकोटा
४ जानेवारी १९८७

ती. आत्या,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच.

काल पार्सिपनीहून परतले. मालिनीकाकूंनी पोटभर खाऊ घातलं आणि आलेल्या प्रत्येकाला माझी ओळख ‘आमची डॉक्टर’ अशी करून दिली. कसली डॉक्टर म्हणून विचारलं की त्या विषय बदलायच्या. त्यांच्या मुलीनं, सीमानं, मात्र सोडलं नाही. ती तिकडंच जन्मलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतून देते. मी ‘बफेलो’वर काम करते म्हटल्यावर तिचे डोळे चमकले आणि ती पुस्तकातलं चित्र घेऊन आली, हेच ना म्हणून. मी हो म्हणाले. तिनं विचारलं, पण हे इंडियात असतात? मी नाही म्हणाले. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, “देन व्हॉट डिड यू थिंक यू वेअर कमिंग फॉर?”

मला तिथंच रडू आलं. काकूंना वाटलं, मला घरची आठवण आली.

खोलीवर आले तर तुझं पत्र दाराशी होतं. आत्या, अमेरिकेत म्हशी नाहीत.

आपण पुस्तकात म्हशीला बफेलो शिकलो. इथली माणसं बफेलो म्हणतात ते रानटी जनावर वेगळंच, खरं नाव बायसन. धामोडच्या बाजूला उसात शिरतो ना गवा, त्याचा हा केसाळ चुलतभाऊ समज. फोटो सोबत आहे. याचा नि आपल्या म्हशीचा संकर होणं शक्य नाही. कॉलेजच्या लायब्ररीत मी या विद्यापीठाची माहिती वाचली, त्यात ‘बफेलोंचा मोठा कळप’ असं छापलेलं होतं, आणि मी रात्रंदिवस त्या कळपाची स्वप्नं पाहिली. प्रोफेसरांनी आपली म्हैस जन्मात पाहिलेली नव्हती. माझं वाक्य वाचून त्यांना वाटलं असेल, आमच्याकडंही असेच कळप आहेत आणि आमची माणसं त्यांच्या मागं हिंडतात.

मला हे कळप पाहिला त्याच दिवशी कुंपणाशी कळलं. तरी मी लिहिलं नाही. प्रत्येक पत्रात खरं तेवढंच लिहिलं, मोठी आहेत, केसाळ आहेत, दूध काढत नाहीत. एकही शब्द खोटा नाही असं म्हणून मी मनाचं समाधान करत राहिले. पण मी निघाले तेव्हा अख्ख्या गावानं मला हार घातले होते. आपल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, आणि तिला म्हैस कळू नये, हे मी कुठल्या हातानं लिहू?

ठराव थांबवा. आबांना सांग आणि मग पत्र संस्थेत वाच. मी लिहिलं आहे तसंच वाच.

उत्तरा

*

कुरणेवाडी
१९ जानेवारी १९८७

चि. उत्तरा,

दीड महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. पत्ताही आला नाही. सभा काल झाली.

आबा नवा सदरा घालून उभे राहिले आणि न अडखळता बोलले. टाळ्या पडल्या. मग नाडगौडा डॉक्टर उठले. माणूस मऊ आहे. ते आबांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “राजारामभाऊ, अमेरिकेत म्हशी नसतात हो.”

आबा म्हणाले, “नसतात कशा? माझी मुलगी रोज बघते.”

डॉक्टरांनी विचारलं, पत्रात नेमकं काय लिहिलंय. विष्णूअण्णांनी पत्रं काढली. मोठी जनावरं, केसाळ, दूध काढत नाहीत, नाव नाही. डॉक्टरांनी पत्रं घडी घालून परत दिली. त्यांना काहीतरी उमगलं असावं, पण ते बोलले नाहीत. तेवढ्यात मागनं कोणीतरी म्हणालं, “पोरगी तिकडं कुणाची तरी भांडी घासत असंल, आणि बापाला म्हशी दाखवतीय.”

सभा हसली. आबांनी वळून कोण ते बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “माझी उत्तरा नसलेलं लिहीत नाही. तिकडं म्हशी नसतील तर मी या संस्थेची पायरी पुन्हा चढणार नाही.”

आणि खाली बसले. ठराव तसाच राहिला.

आज सकाळी ते दूध घालायला गेले, पण मान खाली घालून गेले. मला काही माहीत नाही, तू काय शिकतेस नि काय बघतेस. तू फक्त एक ओळ लिही. ‘आहेत’, एवढंच. म्हणजे उद्या ते मान वर करून जातील. उत्तरा, मी कधी तुझ्याकडं काही मागितलं नाही.

सुमित्रा

*

साउथ डाकोटा
८ फेब्रुवारी १९८७

ती. आत्या,

तू मागितलेली ओळ मी लिहू शकत नाही. माझं आधीचं पत्र आतापर्यंत पोचलं असेल. तुझं पत्र वाचल्यावर एकदा मनात आलं, ते वाटेत हरवलं तर बरं. हे तुला सांगून टाकते.

घरी तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हटल्यावर इथं तरी कशाला लपवायचं, म्हणून सोमवारी प्रोफेसरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. माझं ते वाक्य चुकीच्या जनावराबद्दल होतं, आणि त्यावर मिळालेली जागा मी घेऊन बसले आहे, हेसुद्धा.

 ते म्हणाले, मी आले त्याच आठवड्यात त्यांनी लायब्ररीत जाऊन आमच्या म्हशीची चित्रं पाहिली होती. त्यांना वाटलं, मला ठाऊक असणार आणि तरीही मी शिकायला आले आहे. मी विषय काढला नाही म्हणून त्यांनीही काढला नाही. मला अवघडल्यासारखं होईल म्हणून. म्हणजे पाच महिने आम्ही दोघं एका गाडीतून कुरणावर जात होतो, परत येत होतो, आणि एकमेकांना सांभाळत गप्प बसत होतो.

ते माझ्यासाठी दुभत्या गायींच्या खात्यात बोलले. तिथल्या बाई मला जूनपासून घ्यायला तयार आहेत. कास सुजून दगडासारखी होते, त्या दगडीवर काम आहे. हा रोग गायीला होतो तसाच म्हशीला होतो, आणि आपल्या गावात त्यानं दर वर्षी कुणाची ना कुणाची म्हैस बसते. शिष्यवृत्ती मात्र मिळणार नाही, पहाटेच्या धारांचं काम करावं लागेल. इथली सुरुवात मला पुन्हा करायची आहे, एक वर्ष मागून.

मी होकार दिलेला नाही. आबा परत ये म्हणाले तर मी येईन. त्यांनी माझ्या शब्दावर सभेत पायरी सोडली, आणि माझा शब्दच पोकळ होता. आता त्यांनी सांगितल्याशिवाय इथं राहायचा मला हक्क वाटत नाही.

खोलीत फार शांत आहे. बर्फानं खिडकी बुजली आहे, आता बूटही दिसत नाहीत.

उत्तरा

*

कुरणेवाडी
१ मार्च १९८७

चि. उत्तरा,
आत्याचा आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं आलं त्या दिवशी मी ते पदराखाली घेऊन दिवसभर घरात हिंडले. संध्याकाळी धारा झाल्यावर आबांना वाचून दाखवलं. त्यांनी फोटो मागितला, कंदिलाजवळ नेऊन पाहिला आणि परत दिला. जेवले नाहीत.

सकाळी म्हणाले, लिहिलंय तसं संस्थेत वाच. मी म्हटलं, तुम्ही चला. तर म्हणाले, मी पायरी चढणार नाही असं बोललोय. तेव्हापासून दूध मी घालते. पत्र मीच वाचलं, सगळ्यांसमोर, आणि सावकाश. गवा आला तिथं जे हसायला सुरुवात झाली ती थांबेना. विष्णूअण्णा कपाळाला हात लावून बसले, कारण वंशावळ त्यांनी शोधून काढली होती. म्हणाले, बरं झालं पोरीनं पत्ता पाठवला नाही, पत्र टाइप करून ठेवलं होतं. आता गावात कोणी केस वाढवले की त्याला अमेरिकन म्हैस म्हणतात. भांडी घासते म्हणणारा कोण होता ते काही पुढं आला नाही.

आबा त्याच दिवशी एस.टी.नं तालुक्याला गेले. मला वाटलं, कुठं निघून जातात की काय. तर ते नाडगौडा डॉक्टरांकडं गेले होते, तुमचं खरं होतं एवढं सांगायला. डॉक्टरांनी बसवून घेतलं. मग आबांनी विचारलं, माझी मुलगी तिकडं काय शिकते ते मला समजेल असं सांगा. दुपार गेली त्यात. आल्यावर त्यांनी तुझ्या आईला आणि मला गायीच्या पोटातले चार कप्पे जमिनीवर काढून दाखवले. एक कप्पा विसरले, तो तुझ्या आईनं विचारून काढला.

परवा दुसरं पत्र आलं, तेही वाचलं. प्रोफेसरांच्या खोलीचं ऐकताना त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग बोलले. त्यांचेच शब्द लिहिते:

“मला हसले ते निदान आपले होते. तिला तिकडं हसायलासुद्धा कोणी नव्हतं.”

परत ये म्हणायचं का, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, दगडीवर औषध निघेपर्यंत नको. मी म्हटलं, औषध नाहीच निघालं तर? म्हणाले, तर ‘नाही’ असं लिहू दे, मी वाचून घेईन. कुणाकडून वाचून घेणार ते सांगायला नकोच.

पायरीचं म्हणशील तर ते काही चढायचे नाहीत. मी सांगून पाहिलं, विष्णूअण्णा घरी येऊन गेले. तो त्यांचा शब्द आहे, त्यात तू पडू नकोस.

आणि तिकडं तुझ्यावर हसायला कोणी नाही म्हणतात, म्हणून मी मुद्दाम लिहिते. काल तुझी आई तो फोटो उभा धरून, आडवा धरून बघत होती. म्हणाली, याची धार काढायला बसायचं कुठल्या बाजूनं? आम्ही दोघी पोट धरून हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. आबा उठून गोठ्यात गेले. वाटलं, रागावले. मग आतून त्यांचाही आवाज आला. म्हशींपाशी उभं राहून एकटेच हसत होते.

सुमित्रा